पाठ वाचवलीस, घरटं उठवलंस

‘ट्रायपॉड जड होतो, सर’ हे वाक्य पुन्हा माझ्यासमोर उच्चारू नकोस. जड होतो म्हणून तू तो खोलीवर टाकून आलास. पाऊसकाळातली ढगाळ पहाट, हातात सहाशे मिलिमीटरची लेन्स, एकही फोटो स्थिर येईना. मग तू काय केलंस? तलावाची पाळ सोडलीस आणि एकेक धुरा ओलांडत धानाच्या बांधीत पुढे सरकलास. घरट्यावरचा सारस उठून बाजूला उभा राहिला, तेव्हा तुला आनंद झाला, कारण पाय-मानेसकट अख्खा पक्षी चौकटीत आला होता. तो उभा का राहिला, हे तुझ्या डोक्यात आलं नाही. तुझ्यामुळे राहिला. आणि तो उभा होता तेवढा वेळ अंडी उघडी होती.

घरट्याचे फोटो काढायचेच नाहीत, हे मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. जोडी चरायला उतरते ती लांबून, पाळीवरून टिपायची. पक्ष्याने चरणं थांबवून मान ताठ केली आणि तुझ्याकडे पाहिलं, तर तू आधीच जास्त जवळ आलेला आहेस. तिथून मागे फिरायचं.

तू कुठल्या पक्ष्याला उठवलंस ते नीट ऐक. सारस एका विणीला साधारण दोनच अंडी घालतो. नर-मादी आळीपाळीने महिनाभर ती उबवतात. घरटं म्हणजे उथळ पाण्यात गवत-काड्यांचा ढीग, बऱ्याचदा धानाच्या बांधीतच. उघड्या अंड्यांवर कावळा टपलेलाच असतो. महाराष्ट्रातले सारस आता मुख्यतः आपल्या गोंदियात उरलेत, थोडे शेजारच्या भंडारा-चंद्रपुरात, आणि जिल्ह्यातली त्यांची संख्या पन्नाशीही गाठत नाही. ही संख्या घटते आहे म्हणून 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून जनहित याचिका दाखल करून घेतली. विजेच्या तारा आणि शेतातली कीटकनाशकं यांच्याशी तो पक्षी झगडतोच आहे. त्यात तुझी भर पडली. ज्या शेतकऱ्याने घरट्याभोवतीचा धान न तुडवता राखून ठेवला, त्याच्याच बांधीत तू विचारल्याशिवाय उतरलास. त्याने हटकलं तर तुला राग आला!

आता त्या जडपणाकडे येऊ. काल तुझी बॅग मी पाठीवर घेऊन पाहिली. कॅमेरा आणि लेन्स मिळून तीन किलोच्या आत. ट्रायपॉड बॉलहेडसकट अडीच किलो. दोन लिटर पाणी म्हणजे दोन किलो. रेनकोट, डबा आणि बॅगेचं स्वतःचं वजन धरून सगळं दहा किलोच्या आसपास जातं. तुझं वजन 55 किलो आहे. मोठ्या माणसाने लांबच्या चालीत अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझं घ्यावं असा जुना अंदाज आहे, म्हणजे तुला 11 किलो. तू मर्यादेच्या आतच आहेस. शाळकरी पोरांच्या दप्तराला सरकारने वजनाच्या दहा टक्क्यांची मर्यादा घातली, कारण त्यांची हाडं वाढीची असतात. तुझी वाढ झालेली आहे.

मग ट्रायपॉड घेतला होतास तेव्हा खांदा का दुखला? तू बांधलंसच तसं! ट्रायपॉड बॅगेच्या तळाखाली आडवा लटकवलेला. प्रत्येक पावलाला तो मागे जातो, पुढे येतो, आणि दर वेळी तुझी कंबर त्याला आवरते. हजरा धबधब्याच्या वाटेवर तोच आडवा ट्रायपॉड बांबूत अडकत होता, तेव्हाही तुला कळलं नाही. लेन्स बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात, म्हणजे पाठीपासून सगळ्यात लांब. पाण्याच्या दोन्ही बाटल्या एका बाजूला आणि दुसऱ्या बाजूला तोलाला काहीच नाही. आणि कमरेचा पट्टा? तो तू मागे खोचून टाकला होतास, ‘बरा दिसत नाही’ म्हणून. बॅगेतला सगळ्यात कामाचा भाग तू दिसण्यापायी काढून टाकलास आणि दोष ट्रायपॉडला दिलास.

ओझं खांद्याने वाहायचं नसतं, कमरेने वाहायचं असतं. पट्टा पोटावर नको, कुल्ल्याच्या हाडाच्या वरच्या कडेवर बसला पाहिजे. खांद्याचे पट्टे सैल ठेवून आधी तो घट्ट आवळायचा, मग खांद्याचे पट्टे ओढायचे, आणि शेवटी खांद्यावरून बॅगेच्या माथ्याकडे जाणाऱ्या दोन बारीक पट्ट्या. त्या ओढल्या की बॅगेचा माथा पाठीला येऊन टेकतो. नीट बांधलेल्या बॅगेत खांद्याच्या पट्ट्याखाली बोट सहज सरकतं. सरकलं नाही तर थांबून पुन्हा बांधायचं, रडत चालायचं नाही.

जड वस्तू पाठीच्या कण्याला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या मध्ये. रेनकोट आणि डबा तळाला नि बाहेर. ट्रायपॉड उभा, बॅगेच्या बाजूला, पाय खालच्या कप्प्यात रोवलेले, आणि वर दोन ठिकाणी आवळलेला. एकाच ठिकाणी बांधलास तर वरचं टोक डोलत राहील. दुसऱ्या बाजूला पाण्याच्या बाटल्या, त्याच्या तोलाला. आपल्या तलावांवरचा ढिवर कावड घेऊन निघतो तेव्हा दोन्ही शिंकाळी सारख्या वजनाची करूनच उचलतो. एका बाजूला मासळी आणि दुसरी बाजू रिकामी घेऊन तो कधी निघालेला तू पाहिला आहेस का? वाटेत पाणी प्यायचं तेही दोन्ही बाटल्यांतलं नाही, आधी एक संपवायची आणि तोल ढळला की दुसऱ्या वस्तू हलवायच्या, एवढं लक्ष लागतं.

कॅमेरा गळ्यात लोंबकळत ठेवू नकोस. मान पुढे ओढली जाते आणि मग माणूस वाकून चालतो. चालताना तो बॅगेत, जागेवर पोचल्यावर बाहेर. पाळीवर थोड्या अंतरासाठी ट्रायपॉड उघडा खांद्यावर घ्यायचा असेल तर एसीच्या पाइपावर चढवतात ती काळी फोमची नळी आणून तिन्ही पायांच्या वरच्या भागावर बसव. हार्डवेअरच्या दुकानात चार पैशांत मिळते. खांद्याला धातू रुतत नाही, आणि थंडीत हातालाही गार लागत नाही.

चिखलाचं तर तुला काही ठाऊकच नाही. तलावाच्या काठी पाय उघडताना सगळ्यात बारीक, खालचा भाग आधी ओढायचा, म्हणजे त्याचं कुलूप पाण्याच्या वर राहतं. मागे तू वरचा जाड भाग उघडलास आणि खालची कुलुपं चिखलात बुडवलीस. आता ती करकरतात. घरी गेल्यावर पाय उघडे सोडून धुवायचे, पुसायचे, वाळल्यावरच मिटायचे.

अडीच किलो खरोखरच झेपत नसतील तर ते कमी करण्याचे रस्ते आहेत, आधार टाकून देणं हा रस्ता नाही. एकपायी मोनोपॉड घे; तो चढणीला काठीचंही काम करतो. कचारगडच्या चढावर तुला तो दोनदा उपयोगी पडेल. तेही नको असेल तर जाड कापडाची रिकामी पिशवी घे, तिचं वजन शंभरेक ग्रॅम. धानाच्या जिल्ह्यात राहतोस. गावात पोचल्यावर कुणाकडून पायली-दोन पायल्या धान मागून ती भर, पाळीवरच्या दगडावर ठेव आणि लेन्स तिच्यात रुतव. निघताना धान परत कर. सहाशेच्या लेन्सला हातात धरून सेकंदाच्या सहाशेव्या भागाहून जलद शटर लागतं, आणि ढगाळ पहाटे तेवढा उजेड नसतो. लेन्समधली स्थिरतेची सोय मदत करते, पण सारसासाठी तासभर वाट पाहताना तुझे हातच थकतात. नीट टेकवलेल्या लेन्सने स्थिर उभ्या पक्ष्याला शंभराव्या भागातही टिपता येतं. पाळीवर बसून. बांधीत न उतरता.

परतताना तू गावातल्या एका पोराला बॅग उचलायला सांगत होतास, तेही मी पाहिलं. 1860 च्या दशकात सॅम्युएल बोर्न काचेच्या प्लेटा, रसायनं आणि तंबू घेऊन हिमालयात चढला तेव्हा त्याच्या मागे डझनावारी हमाल होते. त्या काळच्या कॅमेऱ्याला ते लागत. तुझं सगळं सामान एका पाठीवर मावतं. ती पाठ तुझीच असली पाहिजे. हमाली द्यायची असेल तर ठरवून, पूर्ण मजुरी देऊन. बिस्किटाच्या पुड्यावर नाही.

तुझ्या कार्डवरचे ते घरट्याचे फोटो आज माझ्यासमोर पुसून टाक. कुठेही टाकायचे नाहीत, गावाचं नाव कुणाला सांगायचं नाही. एकाने पाहिलं की उद्या दहा गाड्या धुऱ्याला लागतील. मग त्या शेतकऱ्याकडे जा आणि माफी माग. कॅमेरा न घेता जा.

रविवारी पहाटे पाचला ये. बॅग घरूनच बांधून आण, मी इथे बांधून देणार नाही. ट्रायपॉड उभा, कमरेचा पट्टा आवळलेला, बाटल्या दुसऱ्या बाजूला. आधी कॅमेरा न काढता तलावाला एक पूर्ण फेरी मारायची. फेरी संपल्यावर खांदा दुखत असेल तर पट्टे पुन्हा बांधून दुसरी फेरी. दुखायचा थांबला की मग लेन्स बाहेर काढ.