विटाळ कशाचा?



आजचं चिंतन चोखोबा आणि सोयराबाईंच्या विटाळावरच्या अभंगांवर. लहानपणापासून ऐकतोय, पण स्वतःवर वेळ आली तेव्हा कुठे कळायला लागले.

मला नऊ वर्षं अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. मोठ्या आतड्याला आतून जखमा, रक्त पडणं, दिवसातून बारा-पंधरा वेळा संडास. मेसालामाइन झालं, स्टेरॉइड झाली, महागडी इंजेक्शनंही झाली. आता डॉक्टर म्हणतात, मोठं आतडं काढून टाकू. काही महिने पोटावर पिशवी राहील, मग लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचीच पिशवी शिवून आत जोडू.

मी "विचार करतो" म्हणालो आणि ऑफिसात अवघड तिकीट पुढच्या स्प्रिंटला ढकलतात तसे चार महिने ढकलले. आईला सांगायचो, पांडुरंग बरं करील, थांबू. मनात भीती वेगळीच होती. पोटाला मळाची पिशवी लावून देवासमोर कसं उभं राहायचं? दर्शनबारीत वास आला तर?

शेवटी एका रात्री आईजवळ बोललो. ती माळकरी. एवढंच म्हणाली, "बाळा, मंगळवेढ्यात राहून हे विचारतोस?"

1338 साली आपल्याच गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि चोखोबा तिच्याखाली गेले. नामदेवराय अस्थी न्यायला आले. एवढ्या ढिगाऱ्यात ओळखायच्या कशा? परंपरा सांगते, ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची. पंढरीला नेऊन महाद्वारासमोर त्यांची समाधी बांधली. ज्यांना जिवंतपणी देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्यांची खूण पटली ती चिरडलेल्या हाडांतल्या नामावरून. देह धड आहे का, सोवळा आहे का, हे देवाने विचारलं नाही.

चोखोबांवरचा विटाळ माणसांनी लादलेला होता. ते दुःख माझ्या आजाराशी तोलता येणार नाही. पण देहात मळ कुणाच्या नाही? माझा काही महिने पिशवीत दिसेल, इतरांचा आत झाकलेला. फरक तेवढाच. मी ज्याला श्रद्धा म्हणत होतो ती लाज होती.

ऑपरेशनने सगळं सुटतं असंही नाही. आतल्या पिशवीला सूज येऊ शकते, संडासला इतरांपेक्षा जास्त वेळा जावंच लागतं. उलट जुन्या कोलायटिसमध्ये कॅन्सरचा धोका वर्षागणिक वाढत जातो. क्रोन्स असेल त्यांचं गणित निराळं, त्यांनी माझ्यावरून ठरवू नये. आपल्या डॉक्टरांशी बोलून दोन्ही पारडी नीट तोलावीत. फक्त तागडीत लाज टाकू नये.

काल फोन करून तारीख घेतली. भीती अजून आहेच.

पांडुरंगा, डॉक्टरांच्या हाताला यश दे. आणि पिशवीसकट पंढरीला आलो, तर चोखोबांच्या समाधीपाशी उभं राहायला जागा दे.

राम कृष्ण हरी.