तीच गाडी, की दुसरी?

भोकरदनच्या रस्त्यावर डिझायर कधी लग्नाला निघालेली दिसते, कधी जालन्याच्या दवाखान्याकडे. पण कुठली डिझायर? 2008 ची लांब होती, नावात 'स्विफ्ट' होतं. चार मीटरच्या आतल्या गाड्यांना कर कमी, म्हणून 2012 मध्ये डिकी आखूड झाली. 2017 मध्ये 'स्विफ्ट' गळालं. 2024 मध्ये चारऐवजी तीन सिलिंडरांचं इंजिन आलं. मग जुनं उरलं काय?

'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला हेच विचारतात. रथ म्हणजे चाक का? आस? जू? राजा दरवेळी नाही म्हणतो.

भोकरदनला हा बौद्ध विचार परका नाही. प्राचीन भोगवर्धन ते हेच, आणि सांचीच्या स्तूपावर इथल्या दात्यांचे लेख कोरलेले आहेत.

नागसेनांचा आणखी एक दृष्टांत दूध-दह्याचा: दही दूध नव्हे, पण दुधावाचून दही होत नाही. डिझायरला तो चपखल बसतो. प्रत्येक पिढी आधीच्या पिढीतून आली, तरी आधीची नव्हे. कुटुंबाची गरज तेवढी कायम राहिली, असं म्हणणंही घाईचं ठरेल. पूर्वी गिऱ्हाईक आधी अ‍ॅव्हरेज विचारायचं. 2024 च्या डिझायरला ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षेसाठी पाच तारे मिळाले, तेव्हा जाहिरातीतही एअरबॅगा पुढे आल्या.