राहून गेलेले

आषाढात परसातल्या एका कोंबडीला मुंगसाने नेले, तेव्हापासून आईने उरलेल्या तिघींना खुराड्याबाहेर सोडणे बंद केले. आणि त्या वर्षी घरचे भात लवकर संपल्यामुळे बाजारातून आणलेल्या, यंत्रावर सडून पांढऱ्याशुभ्र केलेल्या सुरय तांदळाचा भात ती त्यांना दोन्ही वेळा पोटभर घालू लागली. श्रावण अर्धा सरला नाही तोच त्यांतली एक पायांवर उभी राहीनाशी झाली, तिची मान पाठीकडे ओढली जाऊन चोच आकाशाकडे लागली आणि त्याच स्थितीत तिने प्राण सोडला. आठवड्याच्या आत दुसरीचीही तीच गत झाली. तिसरीचे पाय लटपटू लागले तेव्हा माझ्या मनात एक प्रश्न उभा राहिला, आणि तो केवळ कोंबडीपुरता नाही: जे घडलेच नाही, ते घडलेल्या गोष्टीचे कारण होऊ शकते काय?

शेजाऱ्यांनी पाहताक्षणी मानमोडीचा निकाल दिला. त्यांना दोष देता येत नाही, कारण कुमाऊँतल्या राणीखेताचे नाव ज्याला मिळाले आहे त्या या रोगाने कोकणातली खुराडीच्या खुराडी रिकामी झालेली त्यांनी पाहिली होती. परंतु धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते ते अग्नीवाचून धूर आढळत नाही म्हणून. वाकडी मान मात्र मानमोडीवाचूनही आढळते, आणि नैयायिक अशा हेतूला सव्यभिचार म्हणून फेटाळतात. मानमोडीत पक्षी धापा टाकतो, हिरवट पातळ विष्ठा करतो आणि चार दिवसांत साथ वाडीभर पसरते. इथे यांतले काहीच नव्हते. कुडणापलीकडे शेजाऱ्यांच्या कोंबड्या उकिरडा उकरीत खुशाल हिंडत होत्या.

आई म्हणाली, "देवाचा कायतरी रवला असतला." हे उद्गार भोळेपणाचे मानून सोडून देण्याची मला एके काळी सवय होती, आणि त्याबद्दल आज खेद वाटतो. कुणाची नजर लागली, कुणी करणी केली, असे ती म्हणाली नाही; तिने कोणाही कर्त्यावर आरोप ठेवला नाही. काहीतरी करावयाचे होते आणि ते राहून गेले, एवढीच तिची कैफियत होती. रवळनाथापुढे कौल लावल्यावर आमच्याकडे जी उत्तरे मिळतात त्यांतली कितीतरी याच घाटाची असतात: मान राहिला, नवस राहिला, वर्षाची राखण द्यावयाची राहिली.

याच घाटाचे उत्तर शोधावयास डच वैद्यांना जावा बेटावर कितीतरी वर्षे लागली. ख्रिस्तियान आइकमान हा बटाव्हियात बेरीबेरी रोगाचे जंतू शोधीत असता प्रयोगशाळेच्या कोंबड्या लुळ्या पडू लागल्या. रोगी पक्ष्यांपासून घेतलेले द्रव्य टोचलेल्या पडल्या, न टोचलेल्याही पडल्या, आणि पुढे एकाएकी सगळ्या बऱ्या झाल्या. तपासाअंती कळले ते इतकेच, की १८८९ मध्ये काही महिने त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातला सडीक तांदळाचा भात मिळत होता, आणि नवा आचारी आल्यावर त्याने तो देण्याचे नाकारले. तो भात होता तेव्हा रोग होता, तो थांबला तेव्हा रोगही थांबला: अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही हाती आले. तरीसुद्धा आइकमानची बुद्धी कर्त्याच्याच शोधात राहिली आणि भातात काही विष असावे व कोंड्यात त्याचा उतारा, असे त्याने ठरविले. विष मुळी नाहीच, कोंड्यात जे आहे ते नसणे हेच कारण, असे त्याचा उत्तराधिकारी खेरिट ख्रेइन्स याने १९०१ मध्ये मांडले. आइकमानला १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. एवढ्या सूक्ष्म दृष्टीच्या मनुष्यालाही अभावाला कारण म्हणणे इतके जड गेले, याचे मला नवल वाटत नाही.

शंकराचार्यांनाही ते मान्य नव्हते. नित्यकर्म न केल्याने प्रत्यवाय उत्पन्न होतो, असे म्हणणाऱ्यांना त्यांनी तैत्तिरीय भाष्याच्या आरंभीच अडविले आहे: न करणे हा अभाव, आणि अभावातून भावरूप पाप कसे जन्मेल? न करणे हे फार तर पूर्वपापाचे लक्षण. हा युक्तिवाद कोंबडीला लावून पाहिला तर तो टिकतो, असे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोंड्यातले ते द्रव्य, ज्याला आज ब-१ जीवनसत्त्व म्हणतात, पिष्टमय अन्नाचे शरीरात शक्तीत रूपांतर होण्यास लागते. म्हणजे नुसत्या अभावाने मान वळविली नाही, आम्ही प्रेमाने भरविलेला भातच, पुरा न जळता, त्या शरीरावर उलटला. जे होते त्यानेच घात केला.

पण तेवढ्याने माझे समाधान होत नाही. खुराड्यात कोंडा नव्हता, तसा कापूर नव्हता, केशर नव्हते, समुद्रही नव्हता. या अगणित अभावांतून आपण एकालाच जाब विचारतो, तो का? न्यायशास्त्र म्हणते, प्रत्येक अभावाला त्याचा प्रतियोगी असतो, कशाचा अभाव हे सांगावेच लागते. यापुढची पायरी मला आईच्या शब्दात सापडली. 'रवला' हे क्रियापद जे येणे होते त्याच्याविषयीच वापरतात. जे कधी देणे लागतच नव्हतो, ते राहिले असे कोणी म्हणत नाही. कापराचा अभाव हा नुसता अभाव. कोंड्याचा अभाव हे मात्र देणे, कारण उकरून खाणाऱ्या जिवाला आम्ही कोंडून ठेवले तेव्हाच त्याच्या सबंध अन्नाची जोखीम आमच्याकडे आली होती. कशातून काय उत्पन्न होते, याचा इन्साफ आचार्यांनी केला. कोणाच्या माथी काय राहते, हा मुकदमा निराळा आहे, आणि त्यात मी आईच्या बाजूने साक्ष देईन.

शेजारी अजून घरीच उखळात भात सडीत. त्यांच्याकडचा कोंडा पाण्यात कालवून मी तिसरीच्या चोचीत बोटाने घातला. दुसऱ्या दिवशी ती उठून बसली, आणि चौथ्या दिवशी खुराड्याचे दार उघडल्यावर अळवाच्या वाफ्यापर्यंत चालत गेली.

पुढल्या सोमवारी आई नारळ घेऊन देवळात निघाली तेव्हा मीही बरोबर गेलो. गाऱ्हाणे काय घालू, असे गुरवाने विचारले. तिसरीच्या आयुष्यासाठी आईने काही मागितले नाही. फणसाखाली पुरलेल्या त्या दोघींचे आमच्याकडून जे राहिले ते पदरात घे, एवढेच देवाला सांगावयास तिने त्याला सांगितले.