पिल्लांजवळची मरळ

आम्ही मूळचे फ्रीगंजचे. शिंदेशाहीच्या काळापासून उज्जैनला जी मराठी वस्ती आहे, तिच्यातलेच एक घर आमचे. क्षिप्रा जवळ असली तरी गळ घेऊन आम्ही नदीवर कधी गेलो नाही. तेथील घाट तीर्थाचे. लोक भक्तिभावाने माशांना कणकेच्या गोळ्या घालतात. त्याच पाण्यात आपण गळ टाकून बसावे हे शेजारधर्माला धरून नाही, असे आमच्या वडिलांचे मत होते व आमचेही आहे. म्हणून आमचा छंद शहराबाहेरच्या एका पडीक दगडखाणीवर चालतो. इकडे सगळे तिला खदानच म्हणतात.

ज्यांनी अशी खदान पाहिली नाही त्यांस थोडे सांगितले पाहिजे. माळव्याचे पठार काळ्या दगडाचे आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचा जो कातळ झाला, त्याचाच हा उत्तरेकडील भाग. घरांसाठी, रस्त्यांच्या गिट्टीसाठी हा दगड सुरुंग लावून काढतात. खोल गेले की भेगांतून पाणी झिरपू लागते. खाण चालू असेपर्यंत पंप ते उपसून टाकतात. खाण बंद पडली की पंप थांबतात आणि दोन-चार पावसाळ्यांत तेथे डोह होतो. त्यात ओढा येऊन मिळत नसल्याने गाळ येत नाही, आणि काठावर मुरुमाचे ढिगारे असल्याने शेतांतली काळी मातीही फारशी आत उतरत नाही. त्यामुळे भर श्रावणात नदीनाले चहासारखे वाहत असताना खदानीचे पाणी मात्र आरशासारखे असते. दहा-बारा फूट खाली पडलेला दगडही दिसतो.

परंतु या निर्मळपणाला भुलू नये. खदानीला उतार नसतो. काठावरून एक पाऊल पुढे टाकले की खाली एकदम खोल पाणी. पोहता येणाऱ्यासही बाहेर यायला हाताला काही लागत नाही. आपल्या देशात दर पावसाळ्यात अशा खड्ड्यांत मुले बुडतात. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी सहलीचा बेत करताना हे ध्यानात ठेवावे एवढेच म्हणून पुढे जातो.

स्वच्छ पाण्यात मासे पकडणे सोपे असेल असे वाटते, पण ते उलट आहे. आपल्याला मासा दिसतो तसे त्यालाही आपण दिसतो. पाण्याखालून त्याला वरचे जग जणू एका गोल खिडकीतून दिसते. माणूस जितका काठावर उभा तितका त्या खिडकीत ठळक. म्हणून गळवाला मागे सरून, वाकून बसतो. उन्हाळ्यात वरचे पाणी ऊबदार व हलके आणि खालचे थंड व जड होऊन दोन्ही मिसळत नाहीत. तळाशी प्राणवायू कमी पडतो आणि मासे वरच्याच थरात राहतात. ही सगळी विद्या आम्ही हौसेने मिळविली. आपल्याला ती येते याचा थोडा गर्वही होता, हे कबूल केले पाहिजे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रावणाचे दिवस होते. आमच्या शब्बाथशाळेच्या वर्गातील तेरा वर्षांचा एक मुलगा आईची परवानगी घेऊन आमच्याबरोबर आला होता. त्याला काठापासून चांगला दूर बसवून आम्ही पाणी न्याहाळीत होतो. कोपऱ्यात जेथे थोडी पाणवनस्पती माजली आहे तेथे सुपाएवढा एक तांबूस पट्टा दिसला. तो हळूहळू सरकत होता आणि मधूनमधून भात शिजताना बुडबुडे यावेत तसे त्याच्यावर बुडबुडे येत होते.

ती मरळीची पिल्ले होती. उत्तरेकडे जिला सौल म्हणतात तीच ही मरळ. तिला कल्ल्यांखेरीज हवेतूनही श्वास घ्यावा लागतो. पिल्लेही थव्याने वर येऊन हवा घेतात, त्याचे ते बुडबुडे. अंडी पाण्यावर तरंगतात. मरळीची जोडी ती राखते आणि पिल्ले निघाल्यावरही कित्येक दिवस त्यांच्याखाली पाळत ठेवून फिरते. अंडी टाकून निघून जाणाऱ्या रोहू-कटल्यासारखी ती नाही. पिल्लांच्या जवळ काही हलले की ती त्यावर तुटून पडते, मग ते लहान असो वा मोठे.

मरळ पकडणाऱ्या सर्वांस हे ठाऊक असते. एरवी ती सावध; दिवसभर बसूनही मिळत नाही. परंतु पिल्लांजवळची मरळ हमखास मिळते. रबरी बेडूक त्या तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे टाकावा आणि पिल्लांमधून ओढीत आणावा. आम्ही तसेच केले. पहिल्या खेपेस काही झाले नाही, दुसऱ्या खेपेस पाणी नुसते हलले, तिसऱ्या खेपेस ती आली. दोन किलोच्या वर भरली. आमचा आनंद काय वर्णावा!

आम्ही तिला पिशवीत घालीत असता मुलगा पाण्याकडे पाहत होता. तांबडा पट्टा फाटला होता. थोड्याच वेळात खालून चिलापी वर येऊ लागल्या. जोडीतला दुसरा मासा पिल्ले राखील असे आम्ही मुलाला सांगितले, स्वतःलाही सांगितले. परंतु तो खोल गेला होता की आधीच कोणी नेला होता कोण जाणे, तो आला नाही. नदीच्या गढूळ पाण्यात यातले काहीच दिसले नसते. येथे सगळे दिसले. आम्ही गळ गुंडाळेपर्यंत पट्टा तळहाताएवढा उरला होता.

घरी परतताना स्कूटरवर मागे बसून मुलाने एवढेच विचारले, “काका, तिला तो बेडूक खायचा नव्हता ना?”

नव्हता. त्या रविवारी कालवण उत्तम झाले आणि आम्ही जेवलोही, पण तो प्रश्न काही खाली उतरला नाही.

येथे कोणी म्हणेल, मासे खाता आणि वर हळहळता, हे ढोंग आहे. आम्हाला तसे वाटत नाही. प्रभूने कोळ्यांना शिष्य केले, पेत्राला समुद्रावर जाऊन गळ टाकण्यास सांगितले (मत्तय १७:२७) आणि पुनरुत्थानानंतर तिबिर्याच्या समुद्राकाठी निखाऱ्यांवर मासळी भाजलेली होती हे योहान सांगतो. मासा मारणे हेच पाप असते तर हे प्रसंग शुभवर्तमानात आले नसते. भुकेला मासा आमिष गिळतो तेव्हा आपण त्याला त्याच्या भुकेने पकडतो. तोही दुसऱ्याला खायलाच निघालेला असतो; हिशेब बरोबरीचा आहे. मुलाचा प्रश्न वेगळा होता. ही मरळ भुकेने पकडली गेली नाही. तिच्यात जी गोष्ट सर्वांत चांगली होती, तीच आम्ही गळाला लावली होती.

आमच्या मेव्हण्यांना हा विचार मुळीच पटला नाही. ते स्वतः चांगले गळवाले आहेत. म्हणाले, “दाजी, माशाला कसलं आलंय प्रेम? ती उपजत सवय. महिनाभरानं तीच मरळ आपली पिल्लं ओळखणारसुद्धा नाही. आणि खुडूक कोंबडीखालची अंडी काढून आम्लेट करता, तेव्हा कुठं जातं तुमचं शास्त्र?”

अंड्यांचे उत्तर शास्त्रातच सापडले आणि ते आम्हाला अनपेक्षित होते. अनुवाद २२:६-७ मध्ये वाटेत पक्ष्याचे घरटे सापडले तर काय करावे हे सांगितले आहे. अंडी वा पिल्ले घेण्यास तेथे मुभा आहे. आईला मात्र पिल्लांसकट धरू नये, तिला जाऊ द्यावे. प्रथम वाचताना हे उलटेच वाटते. दया करायची तर पिल्लांवर करावी! परंतु विचार केला म्हणजे ध्यानात येते की उडू शकणारा पक्षी मोकळ्या हाताने धरता येतो तो एकाच वेळी, तो घरटे सोडीत नाही तेव्हा. तिचे न पळणे हेच तिला पकडण्याचे साधन होते, आणि त्या साधनाला नियमशास्त्र हात लावू देत नाही. एवढ्याशा आज्ञेला जे अभिवचन जोडले आहे, कल्याणाचे व दीर्घायुष्याचे, तेच आईबापांचा मान राखण्याच्या आज्ञेलाही जोडलेले आहे.

उपजत सवय की प्रेम, हा वाद जुना आहे. बाराव्या शतकातील यहूदी पंडित मायमोनिडीझ याने या आज्ञेचा विचार करताना असे मांडले की पिल्लांसाठी आईला होणारे दुःख बुद्धीतून येत नाही, म्हणून या बाबतीत माणूस आणि पशू यांत अंतर नाही. तेराव्या शतकातील नाखमानिडीझचे म्हणणे निराळे: आज्ञा पाखराच्या कळवळ्याने दिलेली नाही, आपण क्रूर होऊ नये म्हणून दिली आहे. आम्ही पुष्कळ दिवस दुसऱ्या मताकडे झुकत होतो, कारण त्यात मरळीच्या मनात काय आहे हे ठरविण्याची जबाबदारी येत नाही. मग मत्तय २३:३७ समोर आले. यरुशलेमेसाठी आपल्याला काय वाटते हे सांगताना प्रभूने राजाची उपमा घेतली नाही, पिल्लांना पंखांखाली घेणारी कोंबडी घेतली. कोंबडीची ती ‘सवय’ त्याला आपल्या प्रीतीचे चित्र म्हणून चालली. तेव्हा तीच गोष्ट माशात दिसली असता आपण तिला क्षुल्लक म्हणावे, हे आम्हाला तरी जड जाते.

अमेरिकेत व कॅनडात हाच प्रश्न बास नावाच्या माशाबद्दल पडतो. तेथेही बंद दगडखाणींच्या खोल, नितळ पाण्यात काठावरून बास पकडण्याचा छंद मोठा आहे. बासचा नर घरटे करून अंडी राखतो आणि घरट्याजवळ आलेल्या आमिषावर धावून जातो. पुष्कळ लोक त्याला पकडून पुन्हा सोडून देतात व आपण निर्दोष राहिलो असे समजतात. परंतु तेथील अभ्यासकांना असे आढळले की तो थोडा वेळ दूर राहिला तरी दुसरे मासे अंडी खातात, आणि परत आलेला नर कधी कधी घरटेच सोडून देतो. ऑन्टारिओच्या दक्षिण भागात विणीच्या दिवसांत बासची पकड बंद ठेवतात. या माळव्यात १८७७ साली इंदुरास काम सुरू करणारे प्रेस्बिटेरियन मिशनरी कॅनडाचेच होते. त्यांच्यातही कोणी गळवाला असेलच. असो.

आपल्याकडे कायदा काय म्हणतो? मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते, ती विणीसाठीच. मात्र नदीशी संबंध नसलेल्या लहान तळ्यांना ही बंदी लागू नाही. आमची खदान कोणत्याच नदीला मिळत नाही. म्हणजे भर श्रावणातही आम्ही कायद्याने स्वच्छ होतो. सरकारी कागदाने मुभा दिली म्हणून सुटलो, असे त्या मुलाला सांगण्याचा धीर मात्र आम्हाला झाला नाही.

आणखी एक गोष्ट सांगितली नाही तर लेख अप्रामाणिक होईल. त्याच खदानीवर कधी कधी एक गरीब भोई येतो. त्याच्या घरी चार तोंडे आहेत. तो पिल्लांजवळची मरळ पकडतो आणि बाजारात विकतो. त्याला आम्ही अनुवादाचा २२ वा अध्याय वाचून दाखवावा काय? आमच्या डब्यात पोळीभाजी असते, त्याच्या पिशवीत काही नसते. आमचे सोडणे आम्हाला स्वस्तात पडते. त्याची मरळ आणि आमची मरळ एकाच मापाने मोजता येणार नाही असे आम्हाला वाटते. परंतु पिल्लांच्या बाजूने पाहिले तर दोन्ही सारख्याच, हेही खरे. याचा उलगडा आमच्याकडे नाही.

आम्ही अजून गळ घेऊन जातो, मासे आणतो, खातो. तांबडा पट्टा दिसला की तेवढा कोपरा सोडतो. गेल्या श्रावणात मुलगा, आता चांगला दाढीमिशांचा झाला आहे, सुट्टीत घरी आला होता. मेव्हणेही बरोबर होते व पलीकडच्या काठावर बसले होते. पट्टा हळूहळू त्यांच्या बाजूला सरकू लागला. मेव्हण्यांनी रबरी बेडूक काढला. मुलाने आमच्याकडे पाहिले. आम्ही काहीच बोललो नाही. दुसऱ्याच्या गळाबद्दल बोलण्याचा आपल्याला अधिकार किती, हे आम्हाला ठरविता येत नव्हते. त्याने खाली वाकून एक खडा उचलला आणि पाण्यात टाकला. पट्टा एकदम बुडाला. मेव्हण्यांनी त्या दिवशी त्याला आपल्या डब्यातले लोणचे दिले नाही.