मांजरीची संमती

घराला दार असतं ते माणसांसाठी. मांजराला हे मान्य नसतं. स्वयंपाकघराच्या खिडकीचा एखादा गज वाकलेला असला, की मार्जारकुळाच्या लेखी तोच दिंडीदरवाजा. विलायतेत म्हणे दाराच्या खालच्या अंगाला झुलती झडप बसवतात. न्यूटनसाहेबाने मांजरीसाठी मोठं आणि पिल्लासाठी वेगळं लहान भोक पाडल्याची दंतकथा आहे. आता तर मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून उघडणाऱ्या झडपा निघाल्या आहेत.

पण आम्ही पडलो फलटणचे. आमच्याकडे येणाऱ्या मांजरीला चिप नाही, मालक नाही. सकाळी ती आमची, दुपारी समोरच्या काकूंची आणि रात्री गावाची. आमचं नातं काय ते वाटीभर दुधाचं.

प्रश्न आला तो तिच्या पोटावरून. मांजरीचे दिवस साधारण नऊ आठवड्यांत भरतात, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण तिने कधी पाहिलेलाच नाही.

"ऑपरेशन करून आणू या," ही म्हणाली.

"अगं, पण ती आपली आहे का? आणि तिला विचारलंस?"

माझा मुद्दा तात्त्विक होता. आणीबाणीत माणसांची सक्तीने नसबंदी झाली, तेव्हा लोकांनी १९७७च्या निवडणुकीत त्याचा जाब विचारला. मांजरांना मत कुठलं?

शिवाय आमच्या गावात हा विषय जरा अवघडच. इथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने (स्थापना १९६८) बंगालकडच्या गॅरोल मेंढीचा गुण दख्खनी मेंढीत आणून जुळी कोकरं देणारी 'नारी सुवर्णा' तयार केली. म्हणजे एकाच गावात मेंढीला सांगायचं, एकावर काय थांबतेस. आणि मांजरीला म्हणायचं, बाई गं, एकही नको! संमती तर मेंढीचीही कोणी घेतली नव्हती. पण कोकराला गिऱ्हाईक असतं. मांजराच्या पिल्लाला असतं पोतं.

पोतं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणी बोलत नाही. डोळेही न उघडलेली पिल्लं रात्री पोत्यात घालायची, कालव्यापलीकडे उसात सोडून यायची आणि सकाळी रामाच्या देवळात हात जोडायचे. मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान करावं लागतं, असं आजी सांगायची. नुसतं सोडून आलं तर काय द्यायचं, ते तिने सांगितलं नव्हतं. ती पद्धत म्हणूनच एवढी चालत असावी.

माझं सगळं तत्त्वज्ञान ऐकून घेऊन ही म्हणाली, "तिला विचारता येत नाही, कबूल. पण त्या पिल्लांना तरी कोण विचारतं? आपण वाटी खाली ठेवली तेव्हाच तिच्या संसारात पडलो. आता हात वर कसे करता येतील?"

यावर मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचत नाही. टाके घातलेली जखम आठ-दहा दिवसांत भरते. उसात सोडलेल्या पिल्लाचं तसं नसतं. डॉक्टरांनी ओळख म्हणून तिच्या कानाचं टोक किंचित कापलं, तेवढी तिची नोंदणी झाली. दोन दिवस ती आमच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी वाटीपाशी हजर!

हल्ली एक धिप्पाड बोका घराभोवती फेऱ्या घालतो आहे. त्याच्या बाबतीत मी संमतीचा मुद्दा फारच तळमळीने मांडतो. का, ते हिला बरोबर कळतं.