वाटण्याआधी चाखा

आजचं वाचन: यहेज्केल ३:१-१५



आज एका कबुलीने सुरुवात करतो. गेली तीन वर्षं मी रोज सकाळी साडेसहाला बायबलमधलं एक वचन व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. तीन ग्रुप, शिवाय स्टेटस. एकही दिवस खाडा नाही, याचा मनातून थोडा अभिमानही होता. मागच्या महिन्यात आमच्या तरुण संघातल्या एका बहिणीचा दुपारी फोन आला. तिचे वडील आयसीयूमध्ये होते. म्हणाली, "दादा, तुम्ही सकाळी पाठवलेलं वचन मी सारखं वाचतेय, पण देव मला त्यातून काय सांगतोय ते कळत नाहीये. जरा समजावून सांगाल?"

आणि सकाळी कोणतं वचन पाठवलं होतं, तेच मला आठवेना! फोन स्पीकरवर टाकला, घाईघाईने ग्रुप उघडून वचन शोधलं आणि दोन-चार ठरावीक वाक्यं बोललो. तिच्या ते लक्षात आलं असणार. "बरं दादा, थँक्यू," म्हणून तिने फोन ठेवला.

तेव्हापासून एक प्रश्न पाठ सोडत नाही. जे मी स्वतः खाल्लेलं नाही, ते दुसऱ्याच्या पानात वाढायचा मला हक्क आहे का?

या प्रश्नावर विचार करताना मला महाबळेश्वरची मधमाशी आठवली. दोन वर्षांपूर्वी तिकडे फिरायला गेलो असताना एका मधपाळ काकांनी सातेरी माश्यांची पेटी उघडून दाखवली होती. ते म्हणाले होते, "माशीला दोन पोटं असतात असं समजा. पुढची पिशवी मकरंद वाहून आणायची, ती सगळ्या वसाहतीसाठी. मागचं पोट तिचं स्वतःचं. आणि दोघांच्या मध्ये एक बारीक झडप." त्या झडपेतून ती आपल्यापुरतं थोडंसं आत घेते. बाकीचं घरी पोचवते. घेतलंच नाही, तर तिच्या पंखांत ताकद कुठून येणार? मकरंदाने भरलेली पिशवी घेऊनही ती वाटेतच थकून पडेल.

मित्रांनो, माझी झडप तीन वर्षं बंद होती. वचनं रोज माझ्या हातातून जात होती. पिशवी भरत होती, रिकामी होत होती, पण पोटात काही उतरत नव्हतं.

आता आजचं वाचन पाहा. देव यहेज्केलाला लिखित गुंडाळी देतो. "जा, सांग," ही आज्ञा नंतर येते. आधी येते "खा." तीही नुसती जिभेवर ठेवायची नाही, पोट भरायचं. त्या गुंडाळीवर विलाप आणि शोक लिहिलेला होता (२:१०), तरी त्याच्या तोंडात ती मधासारखी गोड लागली. पुढे तो खबार नदीकाठी बंदिवानांकडे जातो आणि लगेच बोलायला लागत नाही. सात दिवस त्यांच्यामध्ये सुन्न होऊन बसून राहतो (३:१५). मकरंदाचाही लगेच मध होत नाही. तो पाण्यासारखा पातळ असतो. माश्या तो एकमेकींच्या तोंडात देतात, पोळ्यात ठेवून पंखांनी वारा घालतात, पाणी उडून जाऊ देतात. घाई केली तर तो आंबतो.

आणि वाटण्याचं काय? तेही माशीकडूनच शिकावं. चांगली फुलं सापडली की ती घरी येऊन आठाच्या आकड्यासारखं नाचते. नाचाच्या दिशेवरून सूर्याच्या कोणत्या बाजूला जायचं ते कळतं, आणि अंग थरथरवत ती किती वेळ सरळ चालते त्यावरून अंतर. ही भाषा कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने उलगडली. १९७३च्या नोबेल पुरस्काराच्या मानकऱ्यांत तो होता. पण मला आवडलं ते वेगळंच. नाचताना मध्येच थांबून ती आणलेल्या मकरंदाचा थेंब इतर माश्यांना चाखायला देते. कोणाला ओढून नेत नाही. चव दिली, वाट दाखवली, की बाकीच्या आपापल्या पंखांनी उडतात. सुवार्ता सांगणं याहून वेगळं काय आहे? स्तोत्र ३४:८ मध्ये दावीदही वाद घालत नाही, चाखायला बोलावतो.

कोणी म्हणेल, "मग मन कोरडं असेल त्या दिवशी वचन पाठवूच नये का?" मीही यावर बराच अडखळलो. यशया ५५:११ प्रमाणे देवाचं वचन रिकामं परत येत नाही. ती बहीण माझ्या मदतीशिवायही ते पुन्हा पुन्हा वाचतच होती ना! वचनाचं सामर्थ्य माझ्या अवस्थेवर अवलंबून नाही, हे देवाचे उपकार. पण त्या दुपारी तिला वचनाबरोबर एक माणूसही हवा होता, ज्याने ते चाखलंय असा. तो माणूस तिला मिळाला नाही. वचन कमी पडलं नाही, मी कमी पडलो.

तिसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलमध्ये गेलो. समजावून सांगायला काही नव्हतं. तिची क्षमा मागितली, बाहेरच्या बाकड्यावर तिच्याशेजारी बसलो आणि आम्ही ते एकच वचन दोनदा सावकाश वाचलं. बराच वेळ कोणीच बोललं नाही. मग ती म्हणाली, "दादा, आज जरा बरं वाटलं." खरं सांगू? मलाही.

आता माझा क्रम बदललाय. आधी एक वचन माझ्यासाठी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दिवसभर ते तोंडात घोळवायचं. दुसऱ्या दिवशी वाटायचं. कधी खाडा पडतो, पडू दे. आज पाठवायच्या आधी तुम्हीही स्वतःला एवढंच विचारा: यातला एक घोट तरी माझ्या पोटात गेलाय का?

प्रार्थना: हे प्रभू येशू, तुझं वचन मी फक्त वाहून नेलं, त्याबद्दल मला क्षमा कर. आज मला आधी जेवू घाल, आणि मग ज्याला भूक आहे त्याच्याकडे पाठव. आमेन.