दिवेलागणीची विद्या

सुरतेतील कतारगामची ख्याती दोन गोष्टींमुळे आहे. उंधियोत पडणारी तिथली पापडी ही जुनी, आणि हिऱ्यांना पैलू पाडणारे कारखाने ही अलीकडची. पापडीच्या मळ्यांवर आता बरीचशी वस्ती झाली. घंटीपुढे बसणाऱ्या कारागिरांत सौराष्ट्राकडील लोकच अधिक. तथापि यंत्रमागाच्या धंद्यामुळे खानदेशातील असंख्य मराठी कुटुंबेही या शहरात, विशेषतः लिंबायत-उधना भागात, स्थायिक झाली आहेत. अशा ठिकाणी पोटाचा उद्योग सांभाळून, सायंकाळी किंवा सुटीच्या दिवशी, महाविद्यालयापासून दूर कुठल्यातरी अभ्यासकेंद्रात पदवीसाठी झटणारी प्रौढ माणसे आढळतात. त्यांच्या निमित्ताने एक प्रश्न आम्ही वाचकांपुढे ठेवू इच्छितो. दिवसभर राबून आलेल्या विद्यार्थ्याशी न्यायाने वागायचे म्हणजे नेमके कसे वागायचे?

पहिली शंका आपल्याच परंपरेतून येते. विद्येचा आश्रम पहिला, संसाराचा दुसरा. मग चाळिशीच्या गृहस्थाने पुन्हा वही हाती घेणे हा क्रमभंग नव्हे काय? शिवाय मनुस्मृतीने दोन्ही संधिकाळ वेदाध्ययनाला वर्ज्य सांगितले आहेत. दिवेलागणीला देवापुढे हात जोडावेत, पाठ करीत बसू नये, असा आपल्या घरांतला संस्कारही आहे. परंतु तैत्तिरीय उपनिषदातील शीक्षावल्ली उघडून पाहावी. तेथे सत्य, तप, दम, अग्निहोत्र, अतिथिसेवा अशी एकेक कर्तव्ये सांगताना प्रत्येकासोबत स्वाध्याय आणि प्रवचन ही जोडी पुन्हा पुन्हा येते, आणि ती यादी संततीपर्यंत जाते. ज्याला मुलेबाळे आहेत त्यालाही स्वाध्याय सुटलेला नाही, असाच याचा अर्थ. गुरुगृहातून निघणाऱ्या शिष्याला पुढे जो उपदेश केला आहे, त्यातही स्वाध्यायात हयगय करू नकोस असे बजावलेले आहे. तेव्हा वयाचा आक्षेप शास्त्राच्या नावाने तरी कोणी घेऊ नये.

व्यवहारातही हे आपल्याला नवे नाही. देवळातील रात्रीचे कीर्तन आणि पुराण म्हणजे प्रौढांची शाळाच होती; फक्त तिला परीक्षा नव्हती, आणि तिच्या उंबरठ्यावर पुष्कळांना अडविले जात होते, हेही विसरता कामा नये. ज्यांना अडविले त्यांची आठवण जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी ठेवली. 1855 मध्ये त्यांनी पुण्यात शेतकरी व मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली. पुढे 1946 मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरदारांच्या सोयीसाठी तेथे सकाळचे वर्ग ठेवले. आम्हांस ही योजना फार अर्थपूर्ण वाटते. कचेरीने पिळून घेतलेले उरलेसुरले मन विद्येला द्यायचे नाही, तर दिवसाचा पहिला, ताजा वाटा तिला द्यायचा.

कतारगाम किंवा उधन्याकडच्या माणसाला मात्र हा वाटाही हाती नसतो. यंत्रमागावर बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात, आणि दिवसपाळीचा माणूस काही दिवसांनी रात्रपाळीला जातो. हिऱ्याच्या कामात मजुरी बहुधा नगावर. लवकर उठून वर्गाला जाणे म्हणजे तेवढे नग सोडणे. सायंवर्ग काढणाऱ्याने गृहीत धरलेले असते की सायंकाळ विद्यार्थ्याच्या मालकीची आहे. ज्याची सायंकाळ मालकाने आधीच विकत घेतली, त्याच्यासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ (1989) किंवा अहमदाबादचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुक्त विद्यापीठ (1994) अशा संस्था निघाल्या, हे योग्यच झाले. अमुक दिवशी अमुक तासाला हजर असलेच पाहिजे, ही अट त्यांनी सैल केली.

आता खरा प्रश्न. वेळेची अट सैल केली, तशी विद्येचीही करावी काय? दमला आहे बिचारा, द्यावेत चार गुण अधिक, असे म्हणणारी दया आपल्यात पुष्कळ आहे. या दयेच्या आडोशाला पैसे घेऊन हमखास उत्तीर्ण करून देणारे दलालही नांदतात. आमचे मत स्पष्ट आहे : सवलत काळाची द्यावी, कसोटीची देऊ नये. तीन वर्षांचा अभ्यास सहा वर्षांत करू द्यावा, परीक्षा पुन्हा पुन्हा देऊ द्यावी, शुल्क हप्त्यांनी घ्यावे. पण जे त्याला आले नाही ते आले असे लिहून देऊ नये. कारण त्या दयेत एक छुपा तिरस्कार असतो. हा खरोखर शिकू शकेल असे आपल्याला वाटलेलेच नसते. हिऱ्याचा कारागीर तर दिवसभर अशाच कसोटीखाली बसतो. त्याचा पैलू चुकला तर दमणुकीबद्दल कोणी माफी देत नाही. त्याला विद्येच्या दारात मात्र लहान मूल समजावे, हे आम्हांस अपमानकारक वाटते.

बढतीसाठी प्रमाणपत्र हवे म्हणणाऱ्याला जे नाक मुरडतात, त्यांच्याशी मात्र आम्ही सहमत नाही. ज्ञानासाठी ज्ञान हे वाक्य भरल्या पोटी बोलायला सोपे जाते.

आणखी एक हिशेब राहतो, तो घरचा. वर्गाला जाणाऱ्याची सायंकाळ त्याच्या एकट्याची नसते. त्या वेळचे कोणीतरी घरात सांभाळते, बहुधा पत्नी. तीच वर्गाला जाऊ लागली की हिशेब उलटतो आणि मग कुरकुर ऐकू येते. रमाबाई रानडे यांचा विवाह 1873 मध्ये झाला, आणि न्यायमूर्तींनी त्यांना घरीच शिकविले. त्यापायी घरच्या बायकांकडून काय सोसावे लागले ते त्यांनी आठवणींत लिहून ठेवले आहे. पुरुषाच्या अभ्यासाला तप म्हणायचे आणि स्त्रीच्या अभ्यासाला हौस, ही भाषा आजही आपल्या ज्ञातिबांधवांच्या घरांतून गेलेली नाही.

आपल्या देवस्थानांच्या अग्रशाळा उत्सवाचे दिवस सोडले तर पुष्कळदा रिकाम्या असतात. परगावच्या मंडळांची सभागृहेही तशीच. तेथे एक खोली, चांगला दिवा, चार बाके आणि पिण्याचे पाणी एवढे तरी करता येईल. मात्र ती खोली सायंकाळपुरती उघडून भागणार नाही. रात्रपाळी करून सकाळी सुटणाऱ्यालाही ती उघडी मिळाली पाहिजे. किल्ली कोणाकडे राहील, विजेचे देयक कोणी भरायचे, आणि ज्ञातीबाहेरचा माणूस वही घेऊन आला तर त्याला बसू द्यायचे की नाही, हे कार्यकारी मंडळांनी पुढच्या बैठकीत ठरवावे. शेवटच्या मुद्द्यावर मतभेद होतील. तो आधी घ्यावा.